तिसऱ्या होलवरचं मोहोळ

गोल्फच्या चेंडूची मला कधी भीती वाटली नाही. तो कुठून निघाला, कुणी मारला आणि साधारण कुठे पडेल, याचा अंदाज बांधता येतो. ज्याचा अंदाज बांधता येत नाही त्याचीच मला भीती वाटते. त्या फाल्गुनात असं एक काळं, लोंबतं काहीतरी आमच्या मैदानावरच्या काटेसावरीला येऊन लागलं, आणि तेव्हापासून खेळाचा दिवस उलटेपर्यंत मला धड जेवण गेलं नाही.

मैदान जबलपूरच्या छावणीमागचं, नऊ होलांचं. साहेब लोक होते तोवर आमच्यासारख्यांना तिथे कामाशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. ते गेले, क्लबातल्या खुर्च्या रिकाम्या पडल्या, आणि आम्ही बाराजण आत शिरलो. कुणी वकील, कुणी डॉक्टर, कुणी कॉलेजातले, दोघे-तिघे माझ्यासारखे सरकारी कचेरीतले. निम्मी घरं मराठी, निम्मी हिंदी. अध्यक्ष एक निवृत्त जज्जसाहेब होते, इथलेच, हिंदी बोलणारे. हिरवळ नावाला नव्हती. होलभोवती तेल शिंपडून दाबलेली वाळू असे, तिला सगळे ‘ब्राउन’ म्हणत. उन्हाळा लागला की त्या तेलाचा वास बुटांना लागून घरापर्यंत यायचा आणि बायको जोडे दाराबाहेरच काढायला लावायची.

खेळात मी बेताचाच. पण माझी नोकरी हिशेब तपासण्याची, त्यामुळे कोणत्या मेंबराला किती फटक्यांची सूट द्यायची हे ठरवणं माझ्याकडे आलं. या खेळात कमी फटके लागतील तो जिंकतो, आणि कच्च्या खेळाडूला आधीच काही फटके माफ असतात. ती माफी योग्य बसली तर शेवटच्या होलापर्यंत कुणालाच आपण हरलो असं वाटत नाही, आणि दिवस आनंदात जातो. मला हे फार आवडायचं. होळीच्या आधीच्या रविवारी सगळ्या मेंबरांचा बायकांसह खेळाचा दिवस करायचा असं ठरलं, तेव्हा तो मांडायचं काम मी आपणहून घेतलं. बायका खेळणार नव्हत्या. त्यांनी कनातीच्या सावलीत बसावं, फराळ करावा, नवऱ्यांना हसावं, एवढंच.

मोहोळ दिसलं ते त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी. तिसऱ्या होलच्या उजव्या अंगाला एक उंच काटेसावर आहे. सेमल म्हणतात इकडे. तिला पान एकही नव्हतं, नुसती लाल फुलं. आणि आडव्या फांदीखाली सुपाएवढं आग्या मोहोळ. मी खाली उभा राहून वर पाहिलं. त्याच्या अंगावरून एक लाट सरकली, वाऱ्यानं शेत हलावं तशी. वारा मात्र अजिबात नव्हता. मी पाठ न फिरवता मागे मागे चालत रस्त्यापर्यंत आलो.

हे वाचून कुणी म्हणेल, मोहोळ काय, जबलपुरात कुणी पाहिलं नाही? भेडाघाटला खडकाखडकाला लटकलेली असतात. खरं आहे. माझी भीती भेडाघाटचीच आहे.

त्या फाल्गुनाच्या तीन वर्षं आधी माझे सासरे नर्मदास्नानाला म्हणून वर्ध्याहून आले होते. त्यांना घेऊन आम्ही भेडाघाटला गेलो आणि संगमरवरी खडकांमधून नावेत बसलो. पुढच्या नावेतल्या कुणी बिडी पेटवली. नाववाला ओरडला, पण उशीर झाला होता. आम्ही सतरंजीखाली शिरलो, तरी बायकोला दोन माश्या चावल्या. दोनच. मला सहा-सात चावल्या असतील, माझं नुसतं अंग सुजलं. तिचे मात्र ओठ बघता बघता जाड झाले, पापण्या मिटल्या, आणि श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मी तिचा हात धरून ‘अगं, अगं’ करत होतो. ती ऐकत नव्हती. मग सासऱ्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली. तिनं डोळे किलकिले केले. पुन्हा मिटले की पुन्हा हाक. तसं करत करत आम्ही तिला जबलपुरात ओमतीपर्यंत, डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत आणलं. हे डॉक्टर म्हणजे आमच्या बाराजणांतलेच, पुढे मेंबर झालेले. त्यांनी दंडात इंजेक्शन दिलं आणि ती वाचली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, “भाऊ, वहिनींच्या अंगाला हे विष सोसत नाही. या वेळी दोन डंखांनी झालं. पुढल्या वेळी एकसुद्धा पुरे होईल.”

पुढच्या वर्षी सासरे वारले.

तर गुरुवारी संध्याकाळी मी अध्यक्षांच्या घरी गेलो आणि दिवस पुढे ढकला म्हणालो. ते बागेत गुलाब छाटत होते.

“अरे भैया,” ते म्हणाले, “आगे होली, फिर लड़कों के इम्तिहान, फिर लू. कब करोगे? जेठ में?”

“मोहोळ काढवून घेऊ मग.”

“मत छेड़ो. छेड़ोगे तो इतवार तक पूरी छावनी में घूमेंगी. वो अपने घर में हैं, हम अपने खेल में.”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. छेडलेलं मोहोळ दोन-तीन दिवस चिडलेलं राहतं, हे मलाही ठाऊक होतं. मी घरी आलो आणि दुसरा उपाय काढला. बायकोला म्हणालो, “रविवारी तू येऊ नकोस.”

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “काहून?”

मी मोहोळाचं सांगितलं.

“अच्छा. म्हणजे खेळाचा दिवस तुम्ही मांडायचा, अन् तुमची बायको घरी. बाकीच्या बायका काय म्हणतील? हिला लपवून काहून ठेवली?”

“म्हणू देत.”

“त्या वकिलीणबाई तर म्हणतीलच. वरून चिवडा मी करून राहिली सगळ्यांचा. चिवडा जाईल अन् मी नाही?”

“डॉक्टर काय म्हणाले ते तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. तीन वर्षं झाली, तुम्ही मला तुळशीजवळसुद्धा दोनदा बघून जाऊ देता. मी काय मधाची बरणी आहे का, सगळ्या माश्या मलाच शोधत येतील?” मग जरा नरमून म्हणाली, “मोहोळाच्या झाडाकडे नाही जाणार. शपथ घेते. बस?”

मी शपथ घेऊ दिली नाही. शपथा मोडतात या भीतीनं नव्हे. शपथेनं मी निर्धास्त होईन अशी मला भीती वाटली.

पुढचे दोन दिवस मी जे जे हाती होतं ते केलं. बायकांची कनात झाडापासून दूर, क्लबच्या वऱ्हांड्याच्या बाजूला लावायला सांगितली. डॉक्टरांना विनंती केली की त्यांनी आपली मोटार वऱ्हांड्यापाशी न ठेवता मैदानाच्या कच्च्या रस्त्यावर, सगळ्या काचा वर करून ठेवावी आणि पेटी सोबत आणावी. त्यांनी मान डोलावली. बायकोला मी ती मोटार शनिवारीच दाखवून आणली. “काही झालं तर कनातीत थांबायचं नाही. इथे येऊन आत बसायचं, दार लावायचं.” ती म्हणाली, “तुम्ही मला आग लागल्याची तालीम देऊन राहिले.” मी म्हटलं, तसंच समज.

खेळाचे नियमही बदलले. तिसऱ्या होलवर धूम्रपान बंद. अत्तर लावून येऊ नये. आणि एक नवीन कलम लिहून वऱ्हांड्यात लावलं: ‘मोहोळाच्या झाडाच्या सावलीत गेलेला चेंडू मेला समजावा. शोधायला जाऊ नये. नवा चेंडू घ्यावा, दंड नाही.’

आमचे वकील ते कलम वाचून खूश झाले. भोसल्यांच्या काळापासून जबलपुरात असलेलं घराणं त्यांचं, आणि भांडण हा त्यांचा फराळ.

“सावली कोणत्या वेळची?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“सकाळी सावली पश्चिमेला. दुपारी बुंध्याशी. चार वाजता पार चौथ्या होलपर्यंत. माझा चेंडू सकाळी मेला अन् दुपारी जिवंत झाला, तर दंड कुणाला?”

“वकीलसाहेब, तुम्ही चेंडू सरळ मारा.”

“सरळ मारता आला असता तर कलमं काहून वाचत बसलो असतो?”

सगळे हसले. मीही हसलो, पण माझं लक्ष त्यांच्या त्या वाक्यावरच राहिलं. आमच्यात उजवीकडे चेंडू फेकणारे चौघे होते आणि वकील त्यांत पहिले. मी त्या चौघांना वेगवेगळ्या गटांत टाकलं, आणि तिसऱ्या होलवर त्यांनी छोटीच काठी वापरावी असं हात जोडून सांगितलं.

रविवार उजाडला तो स्वच्छ. बायका दोन टांग्यांतून आल्या, कनातीत बसल्या, डबे उघडले. बायको हिरव्या काठाचं लुगडं नेसली होती. मी मुद्दाम पाहून ठेवलं. नंतर पाहतो तर आणखी दोघींचे काठ हिरवे.

पहिला गट सुटला. कुणाचा तरी चेंडू वाकडा गेला आणि मेंबर ओरडले, “फोर!” या खेळात पुढच्या माणसानं सावध व्हावं म्हणून तसं ओरडतात. कनातीतून टाळ्या आल्या.

बायकोनं मला खुणेनं बोलावलं. “चारच काहून ओरडतात? पाच, सहा नाही?”

“चार नव्हे ते. सांभाळा म्हणतात.”

“मग सांभाळा म्हणायचं ना! आम्हाला वाटलं चौका मारला. क्रिकेटसारखा.”

वकिलीणबाई म्हणाल्या, “आमच्या यांनी जन्मात एकदा चौका मारला, त्यावर टाळ्या वाजवल्या, तर तोही सांभाळाच निघाला.”

कनात हसली. तेवढा वेळ मलाही बरं वाटलं. मग मी तिसऱ्या होलकडे गेलो आणि तिथेच थांबलो. माझा गट शेवटचा होता. प्रत्येकाचा फटका मी श्वास धरून पाहत होतो. डावीकडे गेला की श्वास सोडायचो.

वकील आले. छोटी काठी त्यांनी आणली नव्हती. “विसरलो जी,” म्हणाले, आणि मोठ्या काठीनं असा दणका दिला की चेंडू थेट सावरीकडे. मी डोळे मिटले नाहीत, मिटायला हवे होते. चेंडू बुंध्याच्या काट्यांवर खाडकन आपटला. वर त्या काळ्या सुपावरून एक लाट गेली. आणखी एक गेली. मग ते निवलं.

वकिलांचाही चेहरा उतरला होता. ते माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, “मेला ना चेंडू? दंड नाही ना?”

मला हसू आलं, आणि मी तिथेच वाळूवर बसलो. ज्याची भीती होती ते घडून गेलं होतं. चौघांतले चौघेही तिथून पार झाले. मी उठून माझ्या गटाबरोबर पुढे खेळायला लागलो. त्या दिवसात पहिल्यांदाच काठी हातात हलकी वाटली.

आम्ही पाचव्या होलवर होतो. तिथून मैदान उताराचं दिसतं: खाली कच्चा रस्ता, डॉक्टरांची मोटार, पलीकडे तिसऱ्या होलची सावर. आणि रस्त्याच्या अलीकडे दुसरी एक लहान सावर आहे. तिच्यावर मोहोळ नव्हतं, म्हणून माझ्या कुठल्याच कलमात ती आली नव्हती. तिच्याखाली बायका होत्या. सेमलच्या गळलेल्या कळ्या वेचत होत्या. या कळ्यांची भाजी इकडे घरोघर होते, आणि फुकटची भाजी पडलेली दिसल्यावर कनातीत कोण बसेल? बायको मोहोळाच्या झाडाकडे जाणार नाही म्हणाली होती. ती गेली नव्हती. शब्दाला पक्की होती ती.

मी खाली निघालो. पळत नव्हतो. नुसतं सांगून कनातीत परत न्यावं, एवढंच मनात होतं. तेवढ्यात आकाशातून घारीसारखा एक पक्षी तिरपा उतरला आणि मोठ्या सावरीच्या फांदीखाली शिरला. त्यानं मोहोळाला पंजा मारला, एक तुकडा तोडला आणि निघून गेला. ते सगळं अगदी शांतपणे झालं. मग आवाज आला. तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगता येत नाही. दूरच्या गिरणीसारखा म्हणावा, पण गिरणी आपल्याकडे चालून येत नाही.

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो “फोर!”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वाकलेल्याच होत्या, वर न पाहता दोघीतिघींनी हातातल्या कळ्यांसकट टाळ्या वाजवल्या.

तोवर बाकीच्यांनाही दिसलं होतं. मैदानभर नवरे ओरडायला लागले. “अगं!” “अगं ए!” “ऐकलं का!” “अजी सुनती हो!” आठ-दहा पुरुष चारी बाजूंनी अगं अगं करत होते आणि त्या झाडाखाली आठ-दहा बायका. एकीनं मान वर केली, आपला नवरा दिसेना म्हणून पुन्हा खाली घातली. दुसरी हसली. त्यांना वाटलं, पुरुषांचं काहीतरी खेळातलं चाललंय. काळा ढग सावरीवरून सुटून रस्त्याच्या दिशेला वाकला होता. हिरव्या काठांच्या तिघी पाठमोऱ्या होत्या, आणि त्यांतली माझी कोणती हे मला त्या क्षणी ओळखू येईना.

मग मी बायकोचं नाव घेतलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं मी स्वतः लिहिलं होतं, ते नाव. आमच्याकडे नवऱ्यानं बायकोला चारचौघांत नावानं हाक मारायची रीत नाही. एकांतातही मी कधी मारली नव्हती. जिवाच्या आकांतानं मारली. दोघी वळल्या. एक डॉक्टरीणबाई, दुसरी कॉलेजातल्या एकांची बायको. दोघींचं नाव तेच, फार चालतं ते नाव आमच्या पिढीत. माझी बायको वळली नाही. तिनं आणखी एक कळी उचलून ओटीत टाकली.

का वळेल? आमच्या घरात आल्यापासून ती सासूची ‘सूनबाई’, दिरांची ‘वहिनी’, मुलांची ‘आई’ आणि माझी ‘अगं’. त्या नावानं तिला कुणी कधी बोलावलंच नव्हतं.

पण हे सगळं नंतर सुचलं. तेव्हा फक्त भेडाघाटची ती नाव आठवली, आणि सासऱ्यांच्या मांडीवरचं तिचं सुजलेलं तोंड. मी तिचं माहेरचं नाव ओरडलो.

ती ताडकन उभी राहिली. माझ्याकडे नव्हे, रस्त्याकडे पाहिलं तिनं, कुणीतरी येत असल्यासारखं. मग मी हात मोटारीकडे करून पुन्हा तेच नाव, पुन्हा तेच. तिनं एकदा वर पाहिलं आणि ओटी घट्ट धरून पळाली. लहान मुलगी पळते तशी, लुगड्याची पर्वा न करता. दार उघडलं, आत शिरली, दार लागलं.

मीही मोटारीकडे धावत होतो. अर्ध्यावर पहिली माशी मानेवर बसली, दुसरी केसांत शिरली, आणि एकदम कळलं की मी गेलो तर यांना घेऊनच जाणार. मी थांबलो. तिच्याकडे जायचं म्हणून सगळा जीव ओढत होता, आणि मी पाठ फिरवून उलट्या दिशेला पळालो. चौथ्या होलच्या ब्राउनवर पालथा पडलो, कोट डोक्यावर ओढला, तोंड त्या तेलकट वाळूत खुपसलं. कानांभोवती गिरणी चालूच होती. चावत होत्या त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. दार लागलं होतं, पण दारातून काय काय आत गेलं असेल, एवढाच विचार होता. काचा वर होत्या, हे मी सकाळी दोनदा पाहिलं होतं. तिच्या पदराला लागून एखादी गेली असेल तर? एकसुद्धा पुरे, असं डॉक्टर म्हणाले होते. मी मनात तिचा श्वास ऐकायचा प्रयत्न करत होतो. शिट्टी वाजतेय का, शिट्टी वाजतेय का.

किती वेळ गेला मला माहीत नाही. घड्याळ हातात होतं, पाहिलं नाही. शेवटी पाठीवर हात पडला.

“भाऊ, उठा. गेल्या परत.” डॉक्टर होते. त्यांचाही एक डोळा मिटला होता. “वहिनी बऱ्या आहेत.”

“श्वास?”

“श्वास ठीक. पण मोटारीबाहेर यायला तयार नाहीत. म्हणतात, यांना बोलवा आधी.”

मी गेलो. बायको मागच्या बैठकीवर ताठ बसली होती, दोन्ही हात वर उचललेले, ओटी मांडीवर. काचेतून तिनं मला डोळ्यांनीच ओटी दाखवली. अर्धवट उमललेल्या कळ्यांमध्ये एक आग्या माशी होती. आरामात फिरत होती, एका कळीच्या तोंडात डोकं घालून. डॉक्टरांनी दार अगदी हळू उघडलं आणि हातातला रुमाल तिच्यावर टाकून कळीसकट माशी उचलली.

तेव्हा कुठे बायकोनं हात खाली घेतले. “बसताच दिसली मला,” ती म्हणाली. “मग मी हललेच नाही.”

“ओटी झटकायची नाही का?”

“झटकून कुठे टाकणार? दार तर तुम्हीच लावायला सांगितलं होतं.”

जीव कुणाचा गेला नाही. बाकीच्या बायका कनातीतल्या सतरंज्यांखाली शिरून वाचल्या, पाचसात जणांना थोडंफार चावलं. वकिलांचा कान वांग्याएवढा झाला होता, तरी वऱ्हांड्यात बसून ते मला विचारत होते की पक्ष्यानं मोहोळ तोडल्यावर सावली बदलली, तेव्हा त्यांचा चेंडू आता कोणत्या कलमात. बक्षिसं अध्यक्षांनी घाईघाईत वाटली. फटक्यांची बेरीज मी केली नाही. त्या एकाच दिवशी मी अंदाजे निकाल लावू दिला.

घरी आल्यावर तिनं त्याच कळ्यांची भाजी केली. मला घास जाईना. ती समोर बसली होती. माझ्या ताटाकडे पाहत म्हणाली, “तुम्हाला ते नाव आठवणीत होतं?”

“होतं.”

“मला वाटलं, बाबा आले.”

मी भाजी चिवडत राहिलो. मग तीच म्हणाली, “त्याच्याआधी कुणाला हाक मारून राहिले होते? मोठ्यानं?”

“तुलाच. ताटात लिहिलं होतं ते.”

“अगं बाई!” ती हसायला लागली. “तुम्ही तांदळात लिहिलं अन् तांदूळ तर त्याच दिवशी शिजले.”

यंदा फाल्गुन लागताच अध्यक्षांनी विचारलं, दिवस मांडाल का. मांडतो म्हणालो, पण त्याआधी दोन्ही सावरींवर नजर टाकून आलो. एकीवरही मोहोळ नव्हतं. माझ्या भीतीला त्यानं फरक पडला नाही. नियमांखाली मी शेवटी एक कलम जोडलं: ‘आपली पत्नी कोणत्या नावाने हाक मारल्यास वळून पाहते, हे प्रत्येक मेंबराने घरी विचारून यावे.’

वकील सगळ्यांसमोर मोठ्यानं हसले. “हे कोणत्या खेळाचं कलम?” म्हणाले. दुसऱ्या संध्याकाळी मात्र ते माझ्या घरी आले, फाटकातच उभे राहिले, आत येईनात.

“विचारलं मी हिला,” ते म्हणाले.

“मग?”

त्यांनी फाटकाची कडी उगाच वरखाली केली. “आठवायला वेळ लागला तिला.”